बालाचं जावळ

आमच्या घरात मुलगी एक आणि मुलगा एक, पण वेण्या दोघांनाही होत्या. माझ्या दोन, शाळेच्या नियमाप्रमाणे काळ्या रिबिनीत बांधलेल्या. बालाची एकच, पाठीवर लोंबणारी, टोकाला लाल गोंडा. तो पहिलीत गेला तेव्हा ती कमरेपर्यंत आली होती. दर रविवारी आई त्याला ओट्यावर दोन्ही गुडघ्यांत धरून शिकेकाईने न्हाऊ घालायची, आणि तो असा ओरडायचा की कोपरीतल्या आमच्या आळीला घड्याळाची गरज नसे. मग उन्हात बसवून केस पसरायचे, गुंता सोडवायचा, उवा बघायच्या. फणीत अडकलेला केस इकडेतिकडे टाकायचा नाही, गोळा करून एका मडक्यात ठेवायचा. मला कधी कुणी इतका वेळ विंचरलं नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं.

मुलं त्याला 'बालाबाय' म्हणायची. तो वेणी सदऱ्याच्या आत खुपसून मारामाऱ्या करायचा आणि घरी आला की कात्री मागायचा. आई भाकरी थापता थापता एकच वाक्य म्हणायची, "केसांना लोखंड लावायचं नाय." तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, पावसाळ्यात खाडीच्या चिखलातून धरून आणलेल्या निवट्या. आईच्या हातांना मिठाने पडलेल्या भेगा कधी भरल्या नाहीत, कारण आमचं आगर, म्हणजे खाडीकाठचं मिठागर, तेव्हा चालू होतं आणि बायकाच जास्त राबायच्या. बाबा डोंबिवलीच्या एका रंगाच्या कंपनीत होते. ते घरात शिरण्याआधी त्यांचा वास शिरायचा. त्यांच्या नखांचा रंग कधी निळा, कधी जांभळा असायचा, आणि कंपनीत आज काय बनलं ते आम्ही त्यांच्या भातावरच्या बोटांवरून ओळखायचो.

बालाच्या केसांचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझ्या पाठीवर आईला तीन मुलं झाली, त्यातल्या एकानेही स्वतःचं बारसं पाहिलं नाही. चौथ्या वेळी ती पोट धरून आगराच्या बांधावर गेली आणि तिथल्या बायपाशी बोलली, की हा जगला तर याचं जावळ तुझ्याच पायाशी उतरवीन, तोवर याच्या डोक्याला लोखंड लागणार नाही. बाय म्हणजे आमच्या गावाची बांधावरची देवी. कमरेएवढा उभा दगड होता. त्याच्यावर पिढ्यान्पिढ्यांच्या शेंदराचा इतका जाड थर बसला होता की नाक, तोंड, हात, पाय काही दिसत नव्हतं. दिसायचे ते फक्त वर चिकटवलेले चांदीचे दोन डोळे. आत काय आहे हे कुणी विचारलं नाही. बायकांना विचारायला वेळ नव्हता आणि पुरुषांना बायकांच्या देवीत रस नव्हता.

बाला जगला. आणि त्याचं जावळ काढायचं ठरत होतं त्याच वर्षी बांधावरून रस्ता गेला. कंत्राटदाराच्या माणसांनी बांध फोडला आणि बायला उपटून खडीच्या ढिगाऱ्यावर आडवी टाकली. माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या मदरना जुन्या वस्तूंचं वेड होतं. त्यांनी दगड फुटायच्या आत हातगाडी पाठवली आणि बाय शाळेत आणून ठेवली. शाळेच्या मते मदरनी तिला वाचवलं. गावाच्या मते ती पळवली. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तरी या दोन्हींतलं एक खोटं आहे असं मला कधी म्हणता आलं नाही. गावकीची बैठक झाली आणि ठरलं, की मिशनरींच्या दारात नारळ फोडायला कुणी जायचं नाही, गेलं तर गावाचा हक्क सुटला असं होईल. मग वर्गणी काढून संगमरवराची नवी, हसरी मूर्ती आणली, तिला टाइल्सचं देऊळ बांधलं, आणि ज्यांचे नवस अडले होते त्यांनी ते तिथे फेडून टाकले. आई गेली नाही. "वाचा दिली हिला न फेराची तिला? असा येव्हार मी बाजारान पन करत नाय," ती म्हणाली. आमच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल' होतो. शाळेत माझ्या जिभेवरून ते खरवडून काढलं होतं, घरात मात्र तेच चालायचं. बाबा म्हणत राहिले, पुढच्या वर्षी गावकी मऊ होईल, पुढच्या वर्षी बघू. त्या पुढच्या वर्षांमध्ये बालाची वेणी वाढत गेली.

आणि गंमत अशी, की घरातली मी एकटी बायला दर आठवड्याला भेटत होते. चॅपलच्या मागे, जिन्याखाली एक लांबट खोली होती. दारावर इंग्रजीत 'आर्काइव्ह्ज' लिहिलेलं. इतिहासाच्या सिस्टर हिल्डा ती सांभाळायच्या आणि शनिवारी आम्हा दोघी-तिघींना धूळ पुसायला न्यायच्या. तिथे चीर गेलेली एक घंटा होती. एक हात तुटलेला लाकडी ख्रिस्त होता, आणि तो तुटलेला हात वेगळ्या खोक्यात कापसात ठेवलेला. पोर्तुगीजांच्या काळातला मुकुट कोरलेला दगड, तोफेचा गंजका गोळा, पाद्र्यांचे जरीचे विटके झगे, त्यांना कापराचा वास. आणि कोपऱ्यात आमची बाय. रॉकेलने घासून मदरनी तिचा सगळा शेंदूर काढला होता. चांदीचे डोळे काचेच्या कपाटात एका बशीत होते, शेजारी चिठ्ठी. वरच्या बाजूला आता कोरलेले सूर्य-चंद्र दिसायचे, मधे झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. त्याखालचा भाग मात्र सिस्टरनी पांढऱ्या कापडाने झाकला होता. वेदीवर घालतात तसलं लेसचं कापड, चांगल्या जाड सुतळीने बांधलेलं. "खाली काय आहे, सिस्टर?" असं एकीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मोडकं आहे." बाकीच्या मुली पाठ वळताच कापड उचलायला बघायच्या. मी नाही उचललं. आपल्या देवीचं कापड कसं उचलणार?

शनिवारी घरी आले की आई विचारायची, "कशी हाय ती?" सासरी दिलेल्या मुलीची चौकशी करावी तशी. मी म्हणायची, "बरी आहे." शेंदूर काढल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिने जास्त काही विचारलंही नाही.

बालाचा कान लहानपणापासून फुटायचा. आमच्याकडे अर्ध्या गावाचे कान फुटायचे. पोरं खाडीत डुंबायची, आणि कानातून पाणी आलं की लसणीचं तेल कोमट करून घालायचं, आगरातलं जाडं मीठ तव्यावर भाजून पुरचुंडी बांधायची आणि शेकायचं. त्या उन्हाळ्यात तेलाने आणि मिठाने काही झालं नाही. कानातून घाण वास येऊ लागला, मग कानामागे गाठ आली, मग कान आपोआप पुढे झुकला, कुणी मागून बोटाने ढकलून धरलाय असा. त्याला ताप चढला. तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि आम्ही बोललो की डोळे मिटून घ्यायचा. बालाने कात्री मागायची सोडली तेव्हा आई घाबरली.

सरकारी इस्पितळातले डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी कानामागे बोट ठेवलं तेव्हा बाला ओरडलाही नाही, नुसता थरथरला. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतलं, पण वॉर्ड एवढा भरलेला की बाजू अशी नव्हतीच, सगळं आम्हाला ऐकू आलं. कानामागचं हाड सडलंय, पू आत चाललाय, आजच्या आज उघडायला हवं, नाहीतर तो मेंदूत जाईल. न्हाव्याला बोलावतो, डोकं भादरायला लागेल.

आई खाटेवर चढली. खरंच चढली, चपलांसकट. बालाचं डोकं तिने छातीशी धरलं आणि दोन्ही हातांनी त्याची वेणी झाकली. न्हावी पेटी घेऊन आला तसा तिने त्याला पाय उगारला. नर्स रागावली, आयाबाईंनी समजावलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने आईचीच बाजू घेतली, आणि त्या गोंधळात बाला डोळे मिटून पडलेला.

"कापू दे गं," बाबा म्हणाले.

"तिघं गेली तवा तू कं व्हतास?" ती म्हणाली. कुठे होतास, असं ती विचारत होती, आणि बाबा तेव्हा तिथेच होते. प्रत्येक वेळी तेच खाडीकाठी फावडं घेऊन गेले होते. त्यांनी मान खाली घातली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाबासुद्धा बायला घाबरतात, नुसते 'पुढच्या वर्षी' म्हणत होते एवढंच.

डॉक्टरांचा तोल गेला. "बाई, तुम्हाला पोर हवंय की केस?"

"केसांमुलंच पोर हाय," आई म्हणाली.

मी आयुष्यात पुष्कळ हताश माणसं पाहिली, त्यात मीही आले. पण त्या खाटेवर आईची जी अवस्था होती तशी पुन्हा पाहिली नाही. केस कापले तर बाय पोर नेणार, न कापले तर पू नेणार. आणि बायला विचारायला जायचं तर ती मिशनरींच्या कुलपात. ती रडत नव्हती. खालचा ओठ दातांत धरून इकडेतिकडे बघत होती, आणि बघता बघता तिची नजर माझ्यावर थांबली.

"शेवंते, तुज्या शालन चल."

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबतो, त्यानंतर मला विचारू नका. आईने बालाच्या केसांतून बोटं फिरवली, जे केस आपसूक सुटून आले ते पदराच्या टोकात गाठ मारून घेतले. लोखंड लावायचं नव्हतं ना. एवढे आत्ता बायला द्यायचे, बाकीच्यांची परवानगी मागायची, असा तिचा बेत होता. वाटेत तिने एक नारळ घेतला. रिक्षात ती पदराची गाठ मुठीत धरून बसली. मी मनातल्या मनात बायशी भांडत होते, की तुझी धूळ मीच पुसते, तेवढं तरी लक्षात ठेव.

तो गुड फ्रायडे होता. शाळेला सुट्टी आहे एवढं मला ठाऊक होतं, सुट्टी का आहे ते विसरले होते. फाटक बंद. चॅपलमधून घंटेऐवजी लाकडी खटखटा वाजल्याचा आवाज येत होता. त्या दिवशी त्यांच्यात घंटा वाजवत नाहीत. राखणदार म्हणाला, आज कुणालाही आत सोडायचं नाही. आई फाटकाचे गज धरून उभी राहिली आणि मी मात्र भोकाड पसरलं. माझं तेव्हाचं वय भोकाड पसरायचं नव्हतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही. त्या आवाजाने सिस्टर हिल्डा बाहेर आल्या. दिवसभराच्या उपासाने त्यांचे ओठ सुकले होते. सिस्टर वसईकडच्या, घरी मराठीच बोलत मोठ्या झालेल्या. आईने दोन-तीन वाक्यांत सांगितलं ते त्यांना पुन्हा विचारावं लागलं नाही. त्यांनी किल्ल्या काढल्या.

चॅपलवरून जाताना आतल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडात गुंडाळलेल्या दिसल्या. "इथं कोन मेलंय काय?" आईने हळूच मला विचारलं. सिस्टरनी ऐकलं. "हो," त्या म्हणाल्या, आणि पुढे चालत राहिल्या.

खोलीत दिवा लावला. आईने बायला पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. शेंदूर नाही, डोळे नाहीत, हे तिने पाहिलंच नाही, पाहिलं ते कोपऱ्यात, स्वच्छ जागी, कमरेपासून खाली पांढरंशुभ्र लेसचं वस्त्र. इतकी वर्षं ती मनात काय चित्र धरून होती कुणास ठाऊक, अडगळीत उघडी पडलेली बाय दिसेल असंच असणार.

"सारी नेसवली गं तिला," ती मला म्हणाली आणि सिस्टरकडे वळून तिने हात जोडले. "तुमी तिला सारी नेसवली."

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ते उपासामुळे नव्हतं हे मला लगेच कळलं.

आई खाली बसली. पदराची गाठ सोडली, केस तळहातावर घेतले, आणि ते पायाशी ठेवायचे म्हणून तिने हात कापडाखाली घातला. तिच्या बोटांना शेंदराचा गुळगुळीतपणा ठाऊक होता. आत कोरीव काम लागलं. बोटं थांबली, पुन्हा फिरली, पुन्हा थांबली. "ताई, नका," सिस्टर म्हणाल्या. पण तोवर आईने सुतळी सरकवून कापड वर उचललं होतं.

खाली एक बाई पडलेली होती आणि तिच्यावर गाढव. मी एवढंच लिहिते. कोरणाऱ्याने मात्र काही सोडलं नव्हतं.

आज असल्या दगडांना गधेगाळ म्हणतात हे शाळकरी मुलंसुद्धा सांगतात. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीच्या आसपास असे कितीतरी सापडले. पुढे मी मुलांना शिकवताना फळ्यावर त्याची आकृती काढायची, तीही वरच्या अर्ध्या भागाचीच. पण त्या दिवशी मला काही ठाऊक नव्हतं. कापड आईच्या हातात, आई दगडाकडे बघतेय, आणि आमच्या गावातल्या किती बायका आजवर इथे पोट घेऊन येऊन बसल्या असतील, हे माझ्या मनात आल्याबरोबर मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ही काय हाय?" आई म्हणाली. देवी ही असते, दगड हा असतो. ती अजून 'ही' म्हणत होती.

सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी हळूहळू सांगितलं, की ही देवी नाही. फार जुन्या काळी कुणा राजाने इथली जमीन कुणाला तरी दान दिली, कायमची, आणि ते वचन कुणी मोडू नये म्हणून हा दगड उभा केला. जो मोडील त्याला शाप.

"कसला?"

सिस्टर अडखळल्या. "जो मोडील... त्याच्या आईला..." आणि त्यांनी दगडाकडे नुसतं बोट केलं.

आईला बाकीचं सांगावं लागलं नाही. आमच्या गावात हे वाक्य पोरं गोट्या खेळताना म्हणायची, बाप्ये भांडताना म्हणायचे, त्याचा पहिला शब्द तर आज सगळा महाराष्ट्र आश्चर्य वाटलं की उच्चारतो. "शिवी हाय ही," आई म्हणाली.

"हो. शिवीच आहे."

मला वाटलं आता संपलं. जिला वाचा दिली ती देवीच नाही, म्हणजे नवस फेडायचा कुणाला आणि परवानगी मागायची कुणाला? मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ गरम लागली, बालासारखी. मग ती बोलली, आणि तिचा आवाज बाजारात भाव विचारताना असायचा तसा होता.

"वचन मोरलं त्याला काय व्हत नाय?"

"त्याला नाही," सिस्टर म्हणाल्या.

"त्याच्या आयला व्हतं."

"हो."

"पोराला काय नाय? नक्की लिवलंय?"

सिस्टरनी त्या झिजलेल्या ओळींकडे पाहिलं. "पोराला काही नाही," त्या म्हणाल्या.

"मंग झालं," आई म्हणाली आणि उठली.

तिने केस पुन्हा पदरात बांधले. नारळ फोडला नाही, तिथे ठेवलाही नाही. दारातून ती परत फिरली, कापड नीट खाली ओढलं, सुतळी घट्ट केली. "झाकून ठेवा तिला," सिस्टरला म्हणाली, "बाईमानूस हाय."

इस्पितळात आम्ही पोचलो तेव्हा बाला बडबडत होता, कुणालाच उद्देशून नाही. बाबा त्याच्या पायांना धरून बसलेले. आई सरळ डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, "कापा." न्हाव्याने पेटी उघडली. तो वस्तरा दगडावर घासायला लागला तोच आईने त्याचं मनगट धरलं.

"तुजी आय हाय ना घरान?"

"आहे की," न्हावी म्हणाला.

"मंग तू नको."

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनाही तिने तेच विचारलं असणार, पण शब्दांत नाही. ते वैतागून घड्याळ बघत होते. मग तिने नर्सच्या ट्रेमधून पट्ट्या कापायची कात्री उचलली आणि खाटेवर बसली. बालाचा उजवा हात तिने घेतला, त्याची बोटं कात्रीच्या कड्यांत घातली. ती पोळत होती आणि त्यांत जीव नव्हता, तरी त्याच्या बोटांवर तिने स्वतःची बोटं आवळली नाहीत. बाबा मदतीला पुढे झाले तशी ती म्हणाली, "तू नको, मी नको, त्याचाच हात पायजे. मोरनारा तोच पायजे. बाला, कात्री मागत व्हतास ना? ही घे. दाब."

बाबांना काही कळलं नाही. मला कळलं. दुसऱ्या कुणी कापले तर ते दुसऱ्या कुठल्या आईवर जाणार. तिने स्वतः कापले तर तिच्या आईवर, आणि आजी त्या वेळी कोपरीतच, आमच्या मागच्या घरात, जिवंत होती. बालाने मोडलं तर ते बालाच्या आईवर येणार. आई शाप चुकवत नव्हती, स्वतःवर ओढून घेत होती.

"दाब माज्या राजा," ती म्हणत होती. त्याने डोळे उघडले. कात्री बोथट, वेणी जाड. पहिल्यांदा नुसती निसटली. दुसऱ्यांदा थोडे केस तुटले. "आय, दुखतंय," तो म्हणाला. "माजं ऐक, एकदा दाब." तो दाबत होता आणि रडत होता, आणि ती वेणी त्याच्या हाताजवळ ओढून धरून त्याच्याकडे अशी बघत होती जसा तो काही शिकतोय, पहिलं अक्षर गिरवतोय. शेवटी गोंडा तिच्या मांडीवर पडला. मग तिने न्हाव्याला सांगितलं, आता तू कर.

ऑपरेशन झालं. हाड कोरून काढावं लागलं, बरेच दिवस पू येत राहिला, आणि बाला जगला. तो कान मात्र कायमचा गेला, त्या बाजूने त्याला तोफ उडाली तरी ऐकू आलं नसतं. वेणी आईने खाडीत सोडली. घरी परत येताना मला रस्त्यातच थांबवून ती म्हणाली, "कात्री त्याच्या हातान का दिली, ती त्याला सांगाची नाय. कदीच नाय." मी हो म्हणाले. पुढच्या शनिवारपासून तिने 'कशी हाय ती' हे विचारायचं बंद केलं.

सिस्टर हिल्डा म्हाताऱ्या झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले होते. तोवर मी स्वतः इतिहासाची बाई झाले होते, शिलालेख थोडेफार वाचायला शिकले होते. मी विचारलं, की त्या दगडावर पोराचं खरंच काही नव्हतं? त्या म्हणाल्या, शेवटची ओळ इतकी झिजलेली होती की त्यांना ती कधीच लागली नाही. मग 'पोराला काही नाही' असं कसं म्हणालात? "तुझी आई विचारत होती," त्या म्हणाल्या, आणि चहा थंड होतोय म्हणून मला रागावल्या.

त्यानंतर आईच्या आयुष्यात जे काही वाईट झालं ते तिने स्वतःच्या खात्यावर मांडलं. बाबा कंपनीतल्या स्फोटात गेले तेव्हा बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "आलं." गर्भपिशवी काढावी लागली तेव्हाही तेच. गुडघे गेले, एक डोळा गेला, प्रत्येक वेळी तिच्या तोंडावर एक समाधान यायचं, पाठवलेला माणूस वेळेवर पोचल्यासारखं. मला त्या समाधानाचा भयंकर राग यायचा. मी तिला समजावलं, ओरडले, एकदा तर सांगून टाकलं की अशा शेकडो दगडांवर तेच कोरलंय, त्यातल्या एकालाही तुझं नाव ठाऊक नाही. ती म्हणाली, "तू शिकलेली हायस. तुजं बरोबर असंल." आणि भाजी निवडायला लागली. मीच तिला त्या खोलीपर्यंत नेलं होतं, आणि तिथून ती जे घेऊन आली ते मला तिच्याकडून कधी काढून घेता आलं नाही.

शेवटच्या दुखण्यात ती माझ्याकडे वर्तकनगरला होती. पोटात गाठ होती, ती पसरलेली, औषधांनी तासभर बरं वाटायचं आणि मग ती उशीचा कोपरा तोंडात धरायची. बाला रोज संध्याकाळी यायचा. आगराच्या जागेवर इमारती झाल्या होत्या, त्याचं चांगलं चाललं होतं, पोट सुटलं होतं, डोक्यावर एक केस उरला नव्हता. त्याला तिचे हाल बघवत नव्हते. एका संध्याकाळी तो तिच्या उशाशी बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, मी नवस बोलतो. तू काय बोलायचं ते बोल, मी बोलणार. आयला यातून सोडवलं तर..."

आईने त्याचा हात पकडला. तिच्यात बोलायची ताकद नव्हती, तिने त्याला खाली ओढलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. ती म्हणाली, "नको. माज्यावं हाय तवर तुज्यावं नाय." हळू, पण स्पष्ट. मी पायाशी उभी होते, मला ऐकू आलं.

बालाने मान वर केली. ती त्याच्या मेलेल्या कानात बोलली होती. "काय म्हणाली?" त्याने मला विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती.

बाला गेल्या वर्षी गेला, झोपेत, काही त्रास न होता. म्हणून हे आता लिहिलं. त्या संध्याकाळी मात्र मी त्याला म्हटलं, "पाणी मागतेय," आणि तो धावत स्वयंपाकघरात गेला.